परमुलखातील गाणे

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपत आली, की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजाराची वर्दळ असते. रात्री दंडार, खडी गंमत किंवा झाडीपट्टीचे नाटक रंगते. पेटीवादकाने पहिला सूर धरला, की समोरचा समुदाय सावरून बसतो. गाण्याची चाल त्याच्या कानांवरून गेलेली असते, भाषा त्याच्या घरची असते आणि गाणाराही बहुधा जवळपासच्याच गावचा असतो. कलावंताचे अर्धे काम या आपलेपणानेच होऊन जाते.

परंतु जेथे आपली भाषा कोणी बोलत नाही, आपले नाव कोणास नीट उच्चारता येत नाही आणि आपल्या गावाविषयी कोणी ऐकलेलेही नाही, अशा देशात जाऊन केवळ गाण्याच्या बळावर उभे राहावयाचे झाल्यास काय करावे लागत असेल? आज पुष्कळ मुलामुलींना परदेशातील लोकप्रिय संगीताची, म्हणजे ज्यास ‘पॉप’ म्हणतात त्या संगीताची, मोठी ओढ वाटते. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर दिसणारे झगमगते दीप पाहून आपणही तेथे जावे, असे कित्येकांच्या मनात येते. त्या दीपांमागचा मार्ग कसा असतो, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील एका शाळेत शिकलेल्या मुलाची हकीकत फार उपयोगी पडेल.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण तेथील निवासी शाळांसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात तेथील सेंट पीटर्स शाळेत फरोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला होता. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्यास वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापलीकडे पाचगणीस धाडले. एवढ्या कोवळ्या वयात घर सोडून राहणे सोपे नव्हते. शाळेतील सोबती त्यास ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि तेच नाव त्यास चिकटले. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत व मुले त्यास त्यावरून चिडवीत. पुढे पैसा हाती आल्यावरही त्याने ते दात काढविले नाहीत. दात काढल्यास आपला आवाज बदलेल, अशी त्यास भीती वाटे.

या शाळेत त्याला पियानो शिकावयास मिळाला. तो प्रार्थनागीते गाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वृंदातही गाऊ लागला. नभोवाणीवर ऐकलेले पाश्चात्त्य गाणे तो थोड्याच वेळात पियानोवर वाजवून दाखवी, असे त्याचे वर्गबंधू सांगत. बारा वर्षांचा असताना त्याने आणखी चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक लहानसा वाद्यवृंद उभारला. शाळेच्या समारंभांत हे पाच विद्यार्थी गात-वाजवीत असत. तेव्हा फ्रेडी मुख्य गायक नव्हता. तो पियानोपुढे बसे. पहिली गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. परदेशात जी विद्या पुढे कामास आली, तिचा पाया घरापासून दूरच्या एका डोंगरावर, शाळेच्या साध्या दालनात, रोजच्या सरावाने घातला गेला होता.

पाचगणीनंतर तो झांझिबारला परतला. परंतु तेथे फार काळ राहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये सशस्त्र क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, पुष्कळ अरब व भारतीय मारले गेले आणि हजारो कुटुंबे जीव वाचविण्यासाठी बाहेर पडली. बलसारा कुटुंबही थोडेसे सामान घेऊन इंग्लंडला आले व लंडनजवळच्या फेल्टम या उपनगरात राहू लागले. फ्रेडी त्या वेळी सतरा वर्षांचा होता. म्हणजे तो कीर्ती मिळविण्यासाठी हौसेने परदेशी गेलेला तरुण नव्हता. तो एका निर्वासित कुटुंबातील मुलगा होता.

इंग्लंडमध्ये येताच त्याने शिक्षण सोडले नाही. तो चित्रकला व आरेखन शिकू लागला आणि १९६९ मध्ये ईलिंग येथील कलाशाळेची पदविका त्याने मिळविली. हाताशी पैसा नसल्याने हीथ्रो विमानतळावर सामान उतरविण्यासारखी कामे त्याने केली. पुढे मित्रासह बाजारात एक दुकान घेऊन जुने कपडेही विकले. मधल्या काळात तो एकदोन लहान वाद्यवृंदांत गायला. पण त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. ईलिंगच्या एका सहाध्यायामुळे त्याची ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदातील ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याशी ओळख झाली. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला, तेव्हा फ्रेडी त्याच्या जागी आला. त्यानेच वृंदाला ‘क्वीन’, म्हणजे राणी, हे नाव सुचविले आणि कलाशाळेत मिळविलेल्या कौशल्याने त्याचे मानचिन्हही रेखाटले. चौघा सदस्यांच्या जन्मराशी त्या चिन्हात गुंफलेल्या आहेत. याच सुमारास त्याने बलसारा हे आडनाव टाकून ‘मर्क्युरी’ हे नाव धारण केले. १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला व चौघांचा संच पूर्ण झाला.

या चौघांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने व त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच एक गिटार बनविली होती आणि तीच तो आयुष्यभर वाजवीत आला. संगीतासाठी अर्धवट सोडलेले खगोलभौतिकीचे संशोधन पुढे हाती घेऊन त्याने २००७ मध्ये डॉक्टरेटही मिळविली. डीकनने विद्युत्‌-उपकरणांच्या शास्त्राची पदवी घेतली होती व टेलरने जीवशास्त्राची. गाण्याच्या नादात त्यांनी अभ्यास वाऱ्यावर सोडला नव्हता.

आता संगीताचा उद्योग म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे मंडईसाठी नाटक ठरवावयाचे झाल्यास गावचे मंडळ वडशास जाते, तेथील नाटक कंपनीच्या कार्यालयात बोलणी करते, बयाणा देते आणि तारीख ठरविते. कलावंत, कंपनी व प्रेक्षक हे तिघे त्यात असतात. मोठ्या देशांतील संगीताच्या उद्योगात याहून पुष्कळ अधिक माणसे असतात. गीत लिहिणारा व चाल बांधणारा एक, गाणारा दुसरा, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी तिसरी, गाण्याच्या हक्कांचा व्यवहार पाहणारा प्रकाशक चौथा आणि कलावंताच्या वतीने बोलणी करणारा व्यवस्थापक पाचवा. गाणे विकले गेले म्हणजे येणारा पैसा या सर्वांत करारानुसार वाटला जातो. गाण्याच्या प्रत्येक विक्रीमागे निर्मात्यास मिळणाऱ्या वाट्याला स्वामित्वधन किंवा रॉयल्टी असे म्हणतात.

कंपनी नव्या कलावंतास आरंभी काही रक्कम देते. वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुरास मुकादम उचल देतो, हे तुम्हांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. ही रक्कमही तशीच उचल असते. गाणी विकू लागली, की कलावंताच्या वाट्यातून ती आधी कापून घेतली जाते. त्यामुळे गाणे घरोघर वाजत असताना गाणाऱ्याचा खिसा रिकामा राहू शकतो. क्वीनच्या बाबतीत हेच घडले. १९७२ मध्ये त्यांनी एका ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला. त्या कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह इतर नामांकित गायकांनी मोकळे सोडलेल्या वेळीच, पुष्कळदा रात्री-अपरात्री, त्यांना वापरावयास मिळे. पहिली तबकडी १९७३ च्या जुलैत निघाली. १९७४ मध्ये त्यांची गाणी इंग्लंडभर गाजू लागली. तरीही चौघांना ठरीव साप्ताहिक वेतनच मिळत राहिले. अखेर १९७५ मध्ये त्यांनी त्या करारातून सुटका करून घेतली. त्यासाठी त्यांना एक लाख पौंड आणि पुढील काही तबकड्यांच्या उत्पन्नातील अंश द्यावा लागला. न समजता किंवा गरजेपोटी केलेली एक सही किती महाग पडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

त्याच वर्षी त्यांनी जे गाणे ध्वनिमुद्रित केले, त्याने त्यांचे भाग्य पालटले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे ते गाणे. ते फ्रेडीने रचले होते. त्या काळी नभोवाणीवर तीन मिनिटांचे गाणे वाजवण्याची प्रथा होती. हे तर जवळजवळ सहा मिनिटांचे होते. शिवाय त्यात संथ विलाप होता, युरोपीय संगीतनाटकातील समूहगायन होते आणि शेवटी तारस्वरातील रॉक संगीतही होते. समूहगायनाच्या भागात शेकडो कंठ एकत्र गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात गाणारे तिघेच होते. ध्वनिफितीवर एक आवाज घ्यावयाचा, तो ऐकत त्यावर दुसरा चढवावयाचा, त्यावर तिसरा, अशा रीतीने दिवसेंदिवस खपून त्यांनी तो जनसमूह निर्माण केला. एवढ्याच भागास सुमारे तीन आठवडे लागले.

एवढे लांब गाणे कोण ऐकणार, अशी शंका ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीस होती. परंतु लंडनच्या एका नभोवाणी निवेदकाने ते आपल्या कार्यक्रमांत पुनःपुन्हा वाजविले आणि लोक दुकानांत जाऊन त्याची चौकशी करू लागले. इंग्लंडमधील विक्रीच्या यादीत ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस रॉजर टेलरचे एक गाणे होते. लोक तबकडी घेत ती पहिल्या बाजूसाठी. पण तबकडीस बाजू दोन असल्यामुळे दोन्ही गाण्यांच्या रचनाकारांस सारखेच स्वामित्वधन मिळाले! यावरून वृंदात रुसवेफुगवेही झाले. रचनेच्या श्रेयाचा प्रश्न पुढेही निघत राहिला. शेवटी १९८९ पासून सर्व गाणी चौघांच्या नावे प्रसिद्ध करावयाची, असा तोडगा त्यांनी काढला. भांडण झाले, पण त्यापायी त्यांनी घर मोडू दिले नाही.

यानंतरची कीर्ती सर्वश्रुत आहे. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मोठा संगीतसमारंभ झाला. सुमारे बहात्तर हजार लोक तेथे हजर होते आणि जगभरचे कोट्यवधी लोक तो दूरचित्रवाणीवर पाहत होते. क्वीनला अवघी वीसएक मिनिटे मिळाली होती. त्यांनी ती आधी घड्याळ लावून घोटून घेतली. फ्रेडीने एक सूर लावावा आणि त्या अफाट समुदायाने तोच सूर परत द्यावा, असे त्या दिवशी घडले. परक्या देशात आलेल्या निर्वासित मुलाने सारे मैदान आपल्या सुरात आणले.

मात्र या यशाची किंमतही विसरता कामा नये. आपल्या जन्मनावाविषयी व पूर्वायुष्याविषयी तो जाहीरपणे फारसे बोलत नसे. त्यामुळे त्याच्या पुष्कळ श्रोत्यांस तो मूळचा पारशी असल्याचे ठाऊकच नव्हते. त्या काळच्या इंग्लंडात आशियाई लोकांस रस्त्यावर अपमान सोसावे लागत. नाव बदलण्यामागे केवळ रंगभूमीची हौस होती, की ही परिस्थितीही होती, याचा प्रत्येकाने विचार करावा. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्स या रोगामुळे लंडन येथे त्याचे निधन झाले. अंत्यसंस्कार जरथुश्त्री पंथाच्या रीतीने, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. जगाने दिलेले नाव एक आणि घराने दिलेला संस्कार दुसरा. अखेरपर्यंत दोन्ही त्याच्यासोबत होते. त्याच्या मागे राहिलेल्या सोबत्यांनी १९९२ मध्ये त्याच्या नावाने एक निधी स्थापन केला व त्यातून एड्सविरुद्धच्या कार्यास जगभर साहाय्य दिले जाऊ लागले.

आज मार्ग पालटला आहे. पूर्वी जहाजाने जावे लागे. आता गाण्याची चित्रफीत घरूनच सातासमुद्रापार पाठविता येते. ओडिशातील झारसुगुडा येथील श्रेया लेंका या तरुणीने अशाच चाचणीतून दक्षिण कोरियातील एका संगीत कंपनीचे लक्ष वेधले. ओडिसी नृत्याचे शिक्षण तिने आधीच घेतले होते. सेऊल येथे काही महिने गायन, नृत्य व कोरियन भाषा यांचे खडतर प्रशिक्षण झाल्यावर २०२२ च्या मे महिन्यात ‘ब्लॅकस्वान’ या गायिकावृंदात तिची निवड झाली. त्या देशात कंपनी तरुणांना आधी उमेदवार म्हणून घेते, शिकविते आणि त्यांतील थोड्यांनाच रंगमंचावर आणते. पुष्कळ जण वर्षानुवर्षे शिकूनही मागेच राहतात. तेथील दीर्घ मुदतीचे करार फार जाचक ठरू लागले, तेव्हा २००९ मध्ये तेथील व्यापारविषयक आयोगाने एक नमुना करार घालून दिला व त्यात मुदतीची मर्यादा सात वर्षे ठरविली. आपल्या देशातही लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात गायकांस स्वामित्वधन मिळावे, असा आग्रह धरला होता. कलावंतांच्या हक्कांसाठी स्वामित्वहक्काच्या कायद्यात महत्त्वाची सुधारणा झाली ती २०१२ मध्ये. कलेचा हक्क मागणे म्हणजे लोभ नव्हे. शेतकऱ्याने आपल्या धानाचा भाव मागावा, तितकेच ते न्याय्य आहे.

विद्यार्थीमित्रांनो, परदेशी जाऊन गावे अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी या साऱ्याचा ताळा मांडून पाहावा. विद्या अशी मिळवावी, की ती कोणत्याही देशात आपल्यासोबत येईल. तेथील भाषा शिकावी. कारण ज्याच्या घरी गावयाचे, त्याच्याशी बोलता आले पाहिजे. सही करण्यापूर्वी करारनामा जाणकाराकडून समजून घ्यावा. अल्पवयीनाच्या बाबतीत तर आईवडिलांवाचून पाऊलच टाकू नये. हातात दुसरी एखादी विद्याही असू द्यावी. कारण गाण्याच्या वाटेवर निघालेल्यांपैकी फार थोड्यांची नावे जगास कळतात.

सर्वांत शेवटी, आपल्याजवळ स्वतःचे असे काही असावे. भंडारा पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. पितळ हे तांबे आणि जस्त यांच्या संयोगाने होते.  त्या संयोगातून तिसरा, दोहोंहून कठीण व झळाळणारा मिश्रधातू तयार होतो. परक्या देशाचे संगीत जसेच्या तसे गिरविणारे पुष्कळ असतात; त्यांना तेथे कोणी विचारीत नाही, कारण ते गाणे तेथील लोकांजवळ आधीपासूनच असते. फ्रेडीने इंग्रजांना त्यांचेच रॉक संगीत ऐकविले खरे. परंतु त्यात त्याने प्रार्थनागीतांचा समूहस्वर, पियानोचा अभ्यास आणि संगीतनाटकाचे वैभव मिसळले. ते मिश्रण त्यांच्याजवळ नव्हते, आणि म्हणूनच त्यांनी ते आदराने स्वीकारले. ज्याने आपल्या अंगणात काही मिळविले आहे, त्यालाच परक्या अंगणात काही देता येते.